दोनदा दाबलेलं बटन

१

निकाल आधीच लावून ठेवायचा आणि मग चौकशीला माणूस बोलवायचा, ही पद्धत ज्याने काढली त्याला एकदा तरी भेटायचं, असं सर्व्हेअरबाईंनी फार वर्षांपूर्वी ठरवलं होतं. विमा कंपनीसाठी ठोकलेल्या गाड्या तपासण्यात तेहतीस वर्षं गेली. निवृत्तीला चार महिने उरले होते. तो माणूस अजून भेटला नव्हता आणि आता भेटला असता तरी त्याच्याशी भांडायला अंगात जोर नव्हता.

त्यात दिवसाची सुरुवातच वैतागाने झाली होती. दोन आठवड्यांपूर्वी त्या जुनं घर सोडून लेकाकडे राहायला आल्या होत्या. जुन्या घरी न्हाणीघराच्या दिव्याचं बटन आत, डाव्या हाताला होतं. इथे ते बाहेर, उजव्या हाताला. रोज सकाळी त्या अंधारात शिरून डावीकडच्या भिंतीवरच्या फरशीवर थाप मारत, दिवा लागला नाही की आणखी जोरात दुसरी मारत, आणि मग स्वतःला चार शब्द सुनावून बाहेर येत. आजही तेच झालं होतं.

आता त्या शोरूमच्या मागच्या आवारात उभ्या होत्या. समोर तीन आठवड्यांची गाडी होती, सहाशे अश्वशक्तीची. उजवी बाजू हेडलाइटपासून दारापर्यंत चेपलेली.

मंगळवारी सकाळी आठ वाजून बेचाळीस मिनिटांनी, उड्डाणपुलाच्या पायथ्याच्या वळणावर तिची मागची चाकं घसरली. गाडी आडवी झाली, फुटपाथवर चढली आणि रस्ता ओलांडण्यासाठी सायकल धरून थांबलेल्या एका शाळामास्तरीणबाईंना तिने उडवलं. त्यांचं खुब्याचं हाड मोडलं होतं. मागच्या सीटवर बसलेल्या साहेबांना आणि गाडी चालवणाऱ्या काकांना खरचटण्या-लचकण्यापलीकडे काही झालं नव्हतं.

नुसता अपघात असता तर कागद रंगवून काम संपलं असतं. पण गाडीच्या यंत्रात नोंद सापडली होती. त्या क्षणी गाडी शर्यतीच्या मोडवर होती आणि चाकं घसरू न देणारा ट्रॅक्शन कंट्रोल पूर्ण बंद केलेला होता.

“आमच्या वकिलांनी तक्रार लिहून ठेवली आहे,” साहेबांच्या कंपनीतला कारकून फाइल पुढे करत म्हणाला. “ड्रायव्हरने मजेसाठी जाणूनबुजून सुरक्षा बंद केली. तुमची सही झाली की पाच वाजता पोलिसांकडे जाईल. मग त्याचा परवाना कायमचा गेला. आणि आतही जाईल.”

“किती वर्षं चालवतोय तो?”

“एकतीस. आमच्याकडे एकवीस. एकही अपघात नाही.” कारकुनाने फाइल मिटली. “म्हणून तर सगळ्यांना धक्का बसलाय.”

बाईंनी घड्याळ पाहिलं. दहा वाजले होते.

२

साहेब आपल्या ऑफिसात होते. कपाळावर चिकटपट्टी, हातात थंड झालेला चहा. त्यांचा मुलगा खिडकीशी पाठमोरा उभा होता.

“मी काय सांगणार?” साहेब म्हणाले. “मी मागे बसतो. ते मोड-बिड मला कळत नाहीत. मुलाने हौसेने घ्यायला लावली ही गाडी.”

“मी नाही, बाबा,” मुलगा न वळता म्हणाला. “मी दुसरी सांगितली होती.”

“बरं, मीच घेतली. झालं?”

बाईंनी वहीत काहीतरी लिहिल्यासारखं केलं. बापलेकांच्या अशा बोलण्यात मध्ये पडायचं नसतं.

“घसरण्याआधी काय झालं, आठवतंय?”

“मी फोनवर होतो. म्हणजे फोन नुकताच आला होता. आणि खरं सांगू का, त्याचं लक्षच नव्हतं. रेडिओवर बातम्या लावून बसला होता. मला समोरच्याचं एक अक्षर ऐकू येईना. ओरडणारच होतो त्याच्यावर, तेवढ्यात इंजिन कसंतरीच गुरगुरलं आणि गाडी फिरली.”

“फोन बघू देता?”

साहेबांनी कुरकुरत फोन दिला. मंगळवार. आलेला फोन, आठ बेचाळीस.

बाहेर पडताना मुलगा जिन्यापर्यंत आला. उंच, लांब पायांचा, झोप न झालेला. वेगाचा शौक कुणाला असेल तर यालाच असणार, असं कारकून मघाशी हळूच सुचवून गेला होता.

“सोमवारी संध्याकाळी तुम्ही त्या गाडीत बसला होतात म्हणे,” बाई म्हणाल्या.

“हो, बसलो होतो. नुसता. काका म्हणाले, रेडिओचं दुखणं बरं झालंय का बघ. मी लावला, बंद केला. ठीक होता.” तो जरा थांबला. “काकांनी मला सायकल शिकवली, मॅडम. ते असं करणार नाहीत.”

“मग कुणी केलं?”

मुलगा जिन्यावरूनच मागे फिरला. खालच्या मजल्यावर पोहोचेपर्यंत बाईंनी स्वतःलाही तोच प्रश्न दोनदा विचारला.

३

काका गॅरेजच्या मागच्या खोलीत, खाटेच्या कडेला बसले होते. मानेला पट्टा, पण पांढरा गणवेश इस्त्रीचा. कामावर येऊ नका, असं सांगितलेलं असूनही तो घातला होता. खोलीत एका खिळ्यावर जुन्या गाडीची किल्ली टांगलेली होती. ती गाडी विकून महिना होत आला होता आणि जादाची किल्ली मागायचं कुणाला सुचलं नव्हतं.

“ताई, मी त्या मोडला हात लावला नाही,” त्यांनी आधीच सांगून टाकलं. “गाडी आली त्या दिवशी शोरूमच्या माणसाने दाखवलं. नेहमीचा मोड असतो, ओल्या रस्त्याचा असतो, स्पोर्टचा असतो. ते गिअरजवळचं चाक फिरवायचं. मी नेहमीच्यावर ठेवली आणि पुन्हा त्या चाकाकडे बघितलंसुद्धा नाही. साठीला आलो, मला कशाला स्पोर्ट?”

“सकाळी गाडी कुणी सुरू केली?”

“मीच.”

“नंतर कुणी पुढे बसलं?”

“कुणीच नाही. किल्ली माझ्याच खिशात.”

बाईंनी सुस्कारा सोडला. शोरूमच्या पुस्तकात त्यांनी वाचलं होतं की गाडी बंद करून पुन्हा सुरू केली की मोड नेहमीचा होतो आणि ट्रॅक्शन कंट्रोल आपोआप चालू होतो. म्हणजे आदल्या दिवशी कुणी काय केलं याला काही किंमत नव्हती. जे घडलं ते मंगळवारी सकाळी घडलं आणि पुढच्या सीटवर हा एकच माणूस होता. म्हातारा स्वतःच्या तोंडाने स्वतःला अडकवत होता आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता.

“रेडिओ मोठ्याने लावला होतात?”

“लावला होता. साहेबांनाच बातम्या लागतात. पण त्यांचा फोन वाजला की पहिलं काम म्हणजे रेडिओ गप्प करायचा. एकवीस वर्षांचा नियम आहे, ताई. साहेब काय बोलतात ते आपल्याला ऐकायचं नसतं, पण त्यांना समोरचं ऐकू यायला हवं.”

“मंगळवारी गप्प केलात?”

“केलाच असणार.”

“केलात की केला असणार?”

काकांनी मान हलवायचा प्रयत्न केला, पट्ट्याने ती हलू दिली नाही. “साहेब वेगळं म्हणतात का?”

बाईंनी वहीचं पान उलटलं. दोन माणसं एकाच गाडीत होती. एकाच्या म्हणण्याप्रमाणे रेडिओ चालू होता, दुसऱ्याच्या म्हणण्याप्रमाणे बंद. अशा वेळी एक खोटं बोलत असतो, हा तेहतीस वर्षांचा अनुभव. आणि दोघांच्याही चेहऱ्यावर निदान या बाबतीत तरी खोटं दिसत नव्हतं.

“त्या बाई कशा आहेत?” काकांनी विचारलं. “मास्तरीणबाई. मी जाणार होतो भेटायला. पण त्यांना सांगितलंय म्हणे, की मी मजा म्हणून...” ते थांबले. गणवेशाच्या बटनाशी चाळा करत बसले. “तुरुंगाचं काही नाही, ताई. पण त्या बाईंना असं वाटत राहणार.”

४

शोरूमचा तज्ज्ञ तिशीचा होता. मालकांना गाडी शिकवणं हे त्याचं काम, त्यामुळे तो सगळ्यांशीच शिकवल्यासारखा बोलायचा.

“सोपं करून सांगतो,” तो म्हणाला. “एवढी ताकद मागच्या दोन चाकांवर जाते. रस्ता ओला असला की चाक जागच्या जागी गरगरतं, पकड सुटते. ट्रॅक्शन कंट्रोल ते ओळखतो, इंजिनाचा जोर कमी करतो, त्या चाकाला किंचित ब्रेक लावतो. आपल्याला कळतही नाही. तो बंद केला की सगळं आपल्या पायावर. शर्यतीच्या मोडमध्ये तर पायाला गाडी दुप्पट तिखट प्रतिसाद देते. मंगळवारी तिथे झाडांना पाणी घालणारा टँकर नुकताच गेला होता. रस्ता ओला होता. मग काय होणार?”

“पाय रोजच्याइतकाच दाबला असला तरी?”

“तरीही.” त्याने नोंदीचा कागद पुढे सरकवला. “पण बघा, चुकून होत नाही हे. कितीतरी लोक विचारतात, हात लागून झालं असेल का? नाही. मोड बदलला तो गिअरजवळच्या चाकावरून नाही, स्टिअरिंगवरच्या लाल बटनावरून. डावीकडे, अंगठ्याखाली असतं. त्यात मालक आपल्या आवडीचा मोड भरून ठेवतो आणि त्या एका बटनावर सगळं लागतं. पण एकदा दाबलं की लागत नाही! स्क्रीनवर सूचना येते, ‘पुन्हा दाबा’. मग दुसऱ्यांदा दाबावं लागतं. हे पहा. आठ बेचाळीस दहा, पहिला दाब. आठ बेचाळीस बारा, दुसरा. यंत्राने विचारलं, नक्की का? त्याने सांगितलं, नक्की. आणि नऊ सेकंदांनी गाडी फुटपाथवर.”

बाई कागदाकडे बघत राहिल्या. एकदा हात चुकतो. दोनदा, तेही विचारल्यावर, चुकत नाही. सही करायला पेन काढावं आणि घरी जाऊन पाय शेकावेत, हे त्यांच्या मनात आलं, नाही असं नाही.

“कारखान्यातून गाडी येते तेव्हा त्या बटनात काय असतं?”

“काहीच नाही. रिकामं. दाबलं तरी काही होत नाही.”

“गाडीची बाकीची कागदपत्रं?”

बाकीचं म्हणजे एकच चिठ्ठी होती, सोमवारची. गाडी दिवसभर वर्कशॉपमध्ये होती. तक्रारीच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘रेडिओचा आवाज बंद होत नाही. तक्रार ड्रायव्हरची.’ खाली शेरा होता, ‘तपासले. दोष नाही. ठीक आहे असे सांगून गाडी दिली.’

“एवढी नवी गाडी आणि रेडिओ बिघडला?”

“छे हो,” तज्ज्ञ हसला. “काही बिघडलं नव्हतं. जुन्या लोकांचं असं असतंच काहीतरी.”

५

दुपारी बाई घरी आल्या. सूनबाई कामावर, नातू शाळेत. डबा उघडायच्या आधी हात धुवावे म्हणून त्या न्हाणीघरात शिरल्या आणि डावीकडच्या फरशीवर थाप मारली. अंधारच राहिला. त्यांनी चिडून पुन्हा मारली, अधिक जोरात.

आणि तिथेच, अंधारात, हात भिंतीवर ठेवून त्या उभ्या राहिल्या.

पहिली थाप कशासाठी होती? दिव्यासाठी. आणि दुसरी? दुसरीही दिव्यासाठीच. दिवा लागला नाही म्हणूनच तर दुसरी. कुणी मोजून म्हणालं असतं, की या बाईने दोनदा हात मारला, म्हणजे तिला फरशीच बडवायची होती, तर?

जेवण तसंच राहिलं. त्यांनी शोरूमला फोन लावला. अशीच दुसरी गाडी आवारात काढून ठेवा, म्हणाल्या, लाल बटनात तोच मोड भरा. आणि काकांना आणि साहेबांना बोलावून घ्या. नाही, वकील नको. साहेबच हवेत.

मग जरा विचार करून त्यांनी तज्ज्ञाला आणखी एक नोंद काढायला सांगितली. ती कशाला हवी, हे त्याने विचारलं नाही.

६

साडेतीन वाजले होते. आवार मोकळं, ऊन तापलेलं. काका नव्या गाडीच्या चालकाच्या सीटवर बसले होते, लांबचं बघायचा चष्मा डोळ्यांवर. बाई मागे, साहेबांच्या जागी बसल्या. तज्ज्ञ पुढे शेजारी. साहेब आणि त्यांचा मुलगा उघड्या खिडकीशी उभे.

“मला काय करायचंय, ताई?”

“काही नाही. गाडी सुरू करा, बातम्या लावा आणि आवारात हळूहळू एक फेरी मारा. चाल माणसाच्या चालीएवढीच ठेवा. मी साहेब आहे असं समजा.”

“तुम्ही फार गप्प बसता त्या मानाने,” काका म्हणाले. पुढे तज्ज्ञालाही हसू आलं.

गाडी निघाली. बातम्या देणारी बाई जगातल्या कुठल्याशा पुराबद्दल खणखणीत आवाजात सांगत होती. अर्धी फेरी झाली. बाईंनी पर्समध्ये हात घालून लेकाला आधीच सांगून ठेवलेल्या वेळेची वाट पाहिली.

फोन वाजला.

काकांची नजर समोर होती. मान पट्ट्यात घट्ट. फक्त डावा अंगठा उठला आणि स्टिअरिंगवरच्या लाल बटनावर पडला. बातम्या चालूच राहिल्या. अंगठा पुन्हा पडला, या वेळी जरा जोरात.

इंजिन गुरगुरलं. काचेखाली पिवळा दिवा लागला.

“थांबवा,” बाई म्हणाल्या.

तज्ज्ञ त्या अंगठ्याकडे बघत होता. शिकवण्याचा सूर पार गेला होता. “काका, तुम्ही आत्ता काय केलंत?”

“काय केलं? रेडिओ बंद केला.” काकांनी कान दिला. बातम्या चालू होत्या. “झाला नाही वाटतं. त्यांनी दुरुस्त केला म्हणून सांगितलं होतं की मला.”

“जुन्या गाडीत रेडिओ गप्प करायचं बटन कुठे होतं?” बाईंनी विचारलं.

“इथेच.” अंगठा पुन्हा तिकडे निघाला आणि वाटेत थांबला. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, डोळे बारीक केले आणि ते बटन पहिल्यांदा नीट पाहिलं. “हे लाल आहे.”

रेडिओ बंद करायचं कुणाला सुचलं नाही, शेवटी तज्ज्ञानेच मधला खटका दाबून तो बंद केला.

“एकवीस वर्षं या जागी तो अंगठा जातोय,” बाई गाडीतून उतरत म्हणाल्या. “नवी गाडी आली तरी तो तिथेच जाणार. आधी बटन रिकामं होतं, म्हणून काहीच झालं नाही. रेडिओ तेवढा गप्प होईना. यांना वाटलं, रेडिओ बिघडला. सोमवारी तक्रार लिहिली. वर्कशॉपने रेडिओ तपासला, ठीक आहे म्हणून सांगितलं. बटन कुठलं दाबता, हे विचारायचं कुणाच्या मनात आलं नाही. मंगळवारी यांनी विश्वासाने दाबलं. गप्प झाला नाही म्हणून पुन्हा दाबलं. ‘पुन्हा दाबा’ म्हणून यंत्राने सांगितलं, ते यांनी वाचलंही नाही. या चष्म्यातून जवळचं यांना दिसत नाही आणि रस्त्यावरून नजर काढायची यांना सवय नाही. त्यामुळे रेडिओ चालू होता हे साहेबांचं खरं. आणि आपण तो बंद केला, हे यांचंही खरंच.”

मुलाने मोठा श्वास सोडला. “मग झालं तर. कुणाचीच चूक नाही.”

“एक राहिलंय,” बाई म्हणाल्या. त्यांना खरोखर खूप दमल्यासारखं वाटत होतं. “बटन रिकामं होतं, मग त्यात शर्यतीचा मोड भरला कुणी? तो भरलेला मोड गाडी बंद केली तरी बटनात राहतो.”

तज्ज्ञाने खिशातून कागद काढला, पण वाचला नाही. तो साहेबांकडे बघत होता.

“रविवार, अकरा वाजून वीस मिनिटं,” बाईंनीच सांगितलं. “मालकांना गाडी शिकवतात ते सरावाचं मैदान. रविवारी काकांना सुट्टी असते. गाडी कोण घेऊन गेलं होतं?”

साहेबांनी चिकटपट्टीला हात लावला. मुलगा हळूहळू त्यांच्याकडे वळला.

“बाबा, तुम्हाला मोड कळत नाहीत ना?”

“एक दिवस,” साहेब म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता. “सगळा जन्म मागे बसून गेला. एक दिवस वाटलं, आपणही... शोरूमच्या या पोरानेच शिकवलं. फार मजा आली. ड्रायव्हरला सांगायचं राहून गेलं.”

“मंगळवारी इंजिन गुरगुरलं तेव्हा ओळखलंत?”

साहेबांनी मुलाकडे बघायचं टाळलं.

“ओळखलं,” ते म्हणाले. “रविवारी दिवसभर तोच आवाज ऐकला होता.”

तीन दिवस. तीन दिवस हा माणूस थंड चहा घेऊन बसला होता आणि वकील तक्रार लिहीत होता. बाईंना संताप आला, पण तो व्यक्त करायलाही ताकद लागते. त्यांनी काकांकडे पाहिलं. काका साहेबांकडे बघतच नव्हते. ते आपल्या डाव्या हाताकडे बघत होते.

“म्हणजे दाबलं मीच,” ते म्हणाले.

७

अहवाल बाईंनी शोरूमच्या टेबलावर बसूनच लिहिला. कारकुनाने पाच वाजता तक्रारीची फाइल परत नेली. साहेबांनी काकांना उद्यापासून या म्हणून सांगितलं. काकांनी साहेबांच्या गाडीची किल्ली टेबलावर ठेवली आणि बघू, एवढंच म्हणाले. एकवीस वर्षांत साहेबांना त्यांनी बघू म्हटल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

“शेवटी काय लिहिलंत, ताई?”

बाईंनी वाचून दाखवलं. “बटन चालकाने दाबले. ते बटन कशाचे आहे आणि त्यात काय भरले आहे, हे चालकाला कोणीही सांगितले नव्हते.”

काका जरा वेळ उभे राहिले. “दुसरं वाक्य पुन्हा वाचा.”

त्यांनी पुन्हा वाचलं.

“याची एक प्रत मिळेल? मास्तरीणबाईंना दाखवायची आहे. पहिलं वाक्यही दाखवीन. दोन्ही दाखवीन.” ते दाराकडे निघाले. “हॉस्पिटलकडे बस कुठून मिळते हो इथून?”

बाईंना घरी जाऊन पाय शेकायचे होते. “बसा माझ्या गाडीत,” त्या म्हणाल्या.

त्यांची गाडी अठरा वर्षांची होती. मोड एकच, रडतखडत चालण्याचा. काका शेजारच्या सीटवर अवघडून बसले. प्रत घडी करून गणवेशाच्या खिशात ठेवलेली. दुसऱ्याने चालवलेल्या गाडीत पुढे बसायची त्यांची ही पहिलीच वेळ असावी, कारण पाय सारखा नसलेला ब्रेक दाबत होता. बाईंनी ते पाहिलं आणि गाडी आणखी सावकाश घेतली. रेडिओ बारीक आवाजात चालू होता.

उड्डाणपुलाच्या वळणावर बाईंचा फोन वाजला.

काकांच्या गुडघ्यावर ठेवलेला डावा अंगठा एकदा दाबला गेला. मग त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी उजवा हात डाव्यावर ठेवला आणि हॉस्पिटल येईपर्यंत तो तसाच घट्ट धरून ठेवला.